बाळ येतंय, आता चिंगीला कुठे ठेवायचं?

सातवा महिना लागलेली ती आमच्याकडे समुपदेशनाला आली एकाच प्रश्नासाठी : "चिंगीला कुणाला तरी देऊन टाकावं का?" ठाण्यात घोडबंदर रोडवरचं दोन बेडरूमचं घर. नवरा, बायको आणि सासूबाई. घरात दोन कुत्री होती. १२ वर्षांचा लॅब्रेडॉर ब्रूनो किडनीच्या आजाराने तीन आठवड्यांपूर्वी गेला. मागे राहिली ४ वर्षांची देशी चिंगी. ब्रूनो गेल्यापासून तिचं खाण्यात लक्ष नव्हतं. लिफ्टचा आवाज आला की दाराशी धावायची आणि शेपूट खाली घालून परत यायची. त्यातच सासूबाई ब्रूनोची गादी टाकायला म्हणून उचलायला गेल्या आणि चिंगी त्यांच्यावर गुरगुरली. "आज माझ्यावर गुरगुरली, उद्या बाळावर गुरगुरेल," हे वाक्य मग त्या घरात रोज ऐकू येऊ लागलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

घरात पहिलं मूल येणार असतं तेव्हा हा प्रश्न हमखास येतो, आणि घरात नुकतंच एखादं जनावर गेलेलं असेल तर फार घाईने येतो. आमचं पहिलं सांगणं असं, की दुःखाच्या पहिल्या महिन्यात उरलेल्या कुत्र्याबद्दल कायमचा निर्णय घेऊ नका. दुसरं म्हणजे कुत्र्याच्या दिवसात जे काही बदलणार आहे, ते बाळ घरी येण्याच्या बऱ्याच आधी बदलून टाका. चिंगीचा सोबती आधीच गेला होता. सूनबाई बाळंतपणाला चिपळूणला माहेरी जाणार, म्हणजे चिंगीचं माणूसही काही महिने दिसणार नव्हतं. परत येईल तेव्हा कडेवर बाळ. पलंगाशेजारची जागा, संध्याकाळचं फिरणं, दुपारचं डोकं खाजवणं, सगळं त्याच दिवशी बंद झालं, तर बाळाचा वास आणि आपलं सगळं हिरावलं जाणं या दोन गोष्टी कुत्र्याच्या डोक्यात एकत्र बसतात. पुढची बहुतेक भांडणं तिथून सुरू होतात.

पण त्याआधी पशुवैद्य. कुत्रं जेवत नाही, मलूल पडून आहे, म्हणजे त्याला सोबत्याची आठवण येतेय, असं घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं. आठवण येतेच, पण आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा ताप इतका सर्रास आढळतो की आधी तो नाही ना हे बघावं लागतं. मोठं कुत्रं २४ तासांहून जास्त काहीच खात नसेल किंवा आठवडाभर अर्धंच खात असेल, तर रक्त तपासून घ्यावं. चिंगीच्या रक्तात प्लेटलेट्स कमी निघाल्या आणि तपासणीत गोचीड-तापच निघाला. त्यावरचा अँटिबायोटिकचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. कुत्रं आठवड्यात खेळायला लागलं म्हणून तो मध्येच थांबवायचा नसतो. पंधरा दिवसांत तिची भूक परतली. दाराशी जाणं मात्र चालू राहिलं, ते ब्रूनोसाठीचंच होतं.

गुरगुरण्याचा प्रसंग सासूबाईंना सावकाश, पहिल्यापासून सांगायला लावला. चिंगी गादीच्या काठावर हनुवटी टेकून पडली होती. त्यांनी समोरून वाकून दुसरं टोक धरलं. चिंगीने तोंड फिरवलं. मग जिभेने ओठ चाटले. त्यांनी गादी ओढली. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, अंग ताठ झालं आणि मग ती गुरगुरली. त्या मागे सरल्या, तशी तीही गप्प झाली. म्हणजे आवाज काढण्याआधी तिने चार वेळा 'नको' म्हटलं होतं, आणि आवाज काढूनही दात लावला नव्हता. हे ऐकताना सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "मला वाटलं ती आळोखेपिळोखे देतेय." गुरगुरणं ही धोक्याची घंटा आहे. त्यासाठी कुत्र्याला मारलं तर घंटा बंद पडते, धोका तसाच राहतो, आणि असं कुत्रं पुढे न सांगता चावतं. झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, अंग ताठ होणं, यातलं काहीही दिसलं की माणसाने मागे सरायचं आणि कुत्र्याला हाक मारून दुसरीकडे न्यायचं. घरातल्या तिघांनाही ही लक्षणं पाठ करायला सांगितली.

गादी आणखी तीन आठवडे न धुता तिथेच ठेवली. मग चिंगीची स्वतःची गादी तिच्या शेजारी आणली, आणि ती आपल्या गादीवर झोपायला लागल्यावर ब्रूनोची गादी ती फिरायला गेलेली असताना हलवली. ब्रूनोचं एक पांघरूण मात्र ठेवून दिलं.

आता सूनबाईंबद्दल. घरात तिला कुणी रडू देत नव्हतं. "पोटात बाळ आहे, रडू नकोस", "कुत्रंच होतं गं", आणि सगळ्यात जड म्हणजे "बाळ येणार म्हणूनच तो गेला, त्याने जागा करून दिली." हे शेवटचं वाक्य माणसं मायेने म्हणतात, पण गरोदर बाईच्या मनात ते बाळाला ब्रूनोच्या मरणाशी बांधून टाकतं. कृपा करून म्हणू नका. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाला वेगळं नाव दिलं : समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही ते दुःख. सुतक नाही, भेटायला कुणी येत नाही, ऑफिसात सुट्टी मागायची सोय नाही. रडण्याने बाळाला इजा होत नाही. महिनोन्महिने दाबून ठेवलेला ताण, उडालेली झोप आणि सुटलेलं जेवण यांची काळजी जास्त करावी लागते.

तिचा खरा सल निघाला तो दुसऱ्या भेटीत. ब्रूनोला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं तेव्हा ती सोनोग्राफीला गेली होती. सही नवऱ्याने केली. "अजून चार दिवस सलाइन लावलं असतं तर?" या प्रश्नाला समुपदेशकाने उत्तर द्यायचं नसतं, कारण ते वैद्यकीय उत्तर आहे. दोघांना ब्रूनोच्या रिपोर्टची फाइल घेऊन पशुवैद्यांकडे परत पाठवलं, फक्त समजून घ्यायला. कुत्र्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम किती चालतंय ते सांगणारा आकडा, ५ च्या वर गेलं की किडनीचा आजार शेवटच्या टप्प्यात धरतात. ब्रूनोचं ९ च्या वर होतं, तेही सलाइन चालू असताना. तिने ते आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. मग शेवटच्या दहा दिवसांचं टिपण दोघांनी मिळून लिहिलं : कोणत्या दिवशी काय खाल्लं, कधी उलटी झाली, शेवटचं शेपूट कधी हलवलं. ते लिहिताना नवरा पहिल्यांदा रडला. सही त्याची होती, पण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

नातेवाइकांनी सुचवलेलं लॅब्रेडॉरचं पिल्लू आम्ही स्पष्टपणे नको म्हटलं. पिल्लू आणि तान्हं बाळ एकाच वर्षात घेऊ नये.

सासूबाईंना कुत्र्याच्या केसांची आणि त्याच्यापासून होणाऱ्या आजारांचीही भीती होती. ती खोटी नव्हती, फक्त चुकीच्या ठिकाणी होती. कुत्र्याचा केस पोटात गेला तर तो शौचातून निघून जातो. गरोदरपणात ज्याची धास्ती घेतात तो टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो, कुत्र्यापासून नाही. जपायचं ते जंतांना, गोचिडांना आणि चाव्याला. म्हणून दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांचं औषध वेळच्या वेळी, रेबीजची लस दर वर्षी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे लेप्टोचा (साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) समावेश असलेली लस. तारखा फ्रिजवर लावायच्या.

मग चिंगीचा नवा दिनक्रम सुरू झाला. बाळ-बाळंतीण घरी यायला साडेपाच महिने होते, सूनबाई चिपळूणला जायला सहा आठवडे. कामाचे तेवढेच.

पहिल्या आठवड्यात सकाळचं फिरणं नवऱ्याकडे, तिसऱ्यात संध्याकाळचंही. रोज ठीक साडेसहालाच न जाता वेळ अर्धा-पाऊण तास मागे-पुढे केली, कारण बाळाच्या घरात घड्याळ चालत नाही. झोपायची गादी पलंगाजवळून रोज एकेक फूट दाराकडे सरकवत दोन आठवड्यांत हॉलमध्ये नेली. बेडरूमच्या दाराला जाळीचं फाटक लावलं. देशी कुत्रं अडीच फुटांचं फाटक सहज ओलांडतं, म्हणून तीन फुटांहून उंच घेतलं. फाटक पहिल्याच दिवशी बंद करायचं नसतं. आधी आठवडाभर उघडं ठेवून त्याच्यापाशी खाऊ द्यायचा.

रडण्याचा आवाज मोबाइलवर लावायचा तो अगदी बारीक, ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तेवढा वेळ उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे द्यायचे. आवाज बंद, खाऊ बंद. कुत्रं खायचं थांबून कान टवकारतंय म्हणजे आवाज जास्त झाला. एकदम मोठ्याने लावून "सवय होईल" म्हणणाऱ्यांच्या घरात उलट भीतीच पक्की होते.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो झोळीला. इंग्रजी माहितीत हा भाग सहसा सापडत नाही, पण आपल्याकडे बाळ हुकाला टांगलेल्या साडीच्या झोळीत झोपतं. कुत्र्याच्या नाकासमोर काहीतरी मऊ, हलणारं, आतून चिरकणारं! हलत्या वस्तूवर झडप घालायची ऊर्मी अगदी गरीब कुत्र्यातही असते. झोळी आधीच टांगली. दुपट्यात तीन किलो तांदळाची पिशवी गुंडाळून आत ठेवली. पहिल्या दिवशी चिंगी सरळ पुढे झेपावली. तिला रागावायचं नाही, लीश (गळपट्ट्याची दोरी) धरून आठ फूट मागे आपल्या चटईवर बसवायचं आणि सासूबाईंनी झोका देताच खाऊ. एक झोका, एक तुकडा. मग तीन झोक्यांना एक. दहाव्या दिवशी ती झोळी हलताना चटईकडे बघायला लागली. झोका देण्याचं काम सासूबाईंनाच मुद्दाम दिलं होतं. तरी खऱ्या बाळासाठी झोळीची खोली फाटकाआडच, आणि झोळी कुत्र्याच्या तोंडाच्या बरीच वर.

सूनबाई चिपळूणला गेली तेव्हा चिंगी दोन दिवस दाराशी बसली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर उपवन तळ्याकाठी फिरायला गेली. तिचा दिवस आधीच त्याच्या हाती आलेला होता. बाळ झाल्यावर त्याने एक लंगोट वासासाठी आणला. तो जमिनीवर ठेवून कुत्र्याला हवं तर हुंगू द्यायचा, नाकाशी घासायचा नाही. याने चमत्कार होत नाही, ओळख थोडी सोपी होते.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परतायचा दिवस कागदावर लिहून दिला. दारात औक्षण होणार, भाकरतुकडा ओवाळून टाकणार, आणि उंबऱ्यावर पडलेल्या भाकरीवर कुत्रं धावणारच. म्हणून त्या वेळी चिंगीला शेजाऱ्यांबरोबर ४० मिनिटं खाली फिरवायचं. पाहुणे गेले, बाळ आजीकडे आतल्या खोलीत, मग चिंगी वर. पहिली १० मिनिटं फक्त सूनबाई आणि ती, कारण इतक्या महिन्यांनी ती अंगावर उड्या मारणार. शांत झाली की लीश सैल धरून हॉलमध्ये आणायचं. बाळ आजीच्या मांडीवर, अंतर सहा-सात फूट. दोन-तीन सेकंद हुंगलं की हाक मारून परत बोलवायचं, खाऊ द्यायचा. पाच मिनिटांत भेट संपली. फोटोसाठी कुत्र्याचं तोंड बाळाच्या तोंडाशी नेऊ नका.

पुढचे नियम थोडे आहेत, पण त्यात सूट नाही. बाळ आणि कुत्रं एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय कधीही नाही, दूध गॅसवर असलं तरी नाही. वापरलेले डायपर झाकणाच्या डब्यात, कारण गिळलेला डायपर आतड्यात फुगून अडकतो. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वरच्या फळीवर. त्यात बेदाणे-मनुका असतात, आणि त्या कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत. धुरीच्या वेळी कुत्रं बाहेर. खरं तर बंद खोलीतला तो धूर बाळाच्या फुप्फुसांनाही चांगला नाही. बाळ जागं असतानाच चिंगीला खाऊ आणि कौतुक मिळायला हवं. बाळ झोपल्यावरच तिचे लाड केले तर बाळ नको, हाच धडा ती शिकते. चुकून दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

कुत्र्याने आधी कुणाला रक्त येईल इतकं चावलेलं असेल, किंवा शिकवूनही ते बाळाच्या आवाजाला दात दाखवत असेल, तर दुसरं घर शोधणं हाच प्रामाणिक मार्ग असतो. ते सगळी खरी माहिती देऊन, ओळखीच्या घरात. येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी सोडून येणं हा मार्ग नाही. पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या जंगलात बिबटे आहेत.

परतल्यावर सूनबाईला पुन्हा रडू यायला लागलं, रिकामा कोपरा बघून. बाळंतपणानंतरचं हळवेपण पहिल्या दोन आठवड्यांत सहसा ओसरतं. तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं, म्हणून ते नुसतं ब्रूनोसाठीचं आहे असं न धरता तिला डॉक्टरांकडे पाठवलं. कुणाला रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पुढची भेट बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हाची ठरली आहे. रांगायला लागण्याच्या आधीची. झोळीतलं बाळ कुत्र्याकडे जात नाही, रांगणारं जातं, आणि थेट वाटीत हात घालतं. चिंगीची जेवणाची जागा त्याआधी फाटकापलीकडे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हलवायची आहे. सासूबाईंनी ती जागा पुसून आधीच रिकामी केली आहे.