रोज प्रेरणा आणायची तरी कुठून?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: ऑफिसात नुकतीच सात-आठ जणांची जबाबदारी अंगावर आली आहे. सकाळी प्रेरणादायी भाषणं ऐकता, पण दुपारपर्यंत त्यांचा असर ओसरतो. नवं काही सुचावं, माणसं सांभाळता यावीत, स्वतःचीही वाढ व्हावी, यासाठी रोज प्रेरणा कुठून मिळवायची?

माझं ऐकाल तर भाषणं कमी करा आणि आसपासच्या कुणाचं तरी काम जवळून बघायला लागा. यश नव्हे, काम. यशाची गोष्ट ऐकली की ऊर भरून येतो, पण हाती काही लागत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार आणि त्यातला निम्मा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण रोजच्या उपयोगाची गोष्ट त्याच्या आधीची आहे. मुलांना पुस्तकाची भाषा परकी वाटते हे त्यांनी हेरलं, धडे मुलांच्या मातृभाषेत नेले आणि पुस्तकात क्यूआर कोड घातले, म्हणजे कविता ऐकता येईल, धडा पुन्हा बघता येईल. अडचण कुठे आहे हे आधी बघणं, हे तर कुणालाही उद्यापासून जमेल.

मी सोलापुरात चादरी-टॉवेलची नक्षी तयार करते. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत माझं रोजचं येणं-जाणं. सुचण्याबद्दल मला जे काही कळलं ते जेकार्डनं, म्हणजे मागावर नक्षी विणून घेणाऱ्या यंत्रणेनं शिकवलं. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डनं 1804 च्या सुमाराला ही युक्ती जमवली. मागावर पुठ्ठ्याची कार्डं फिरतात. कार्डावर भोक असलं की त्या जागचा ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो. आता बऱ्याच ठिकाणी कार्डाची जागा संगणकानं घेतली आहे, पण हिशोब तोच, धागा वर किंवा खाली. मोराची मान तुम्ही कितीही वळणदार काढा, चौकटीच्या कागदावर ती पायऱ्या-पायऱ्यांनीच चढते. धागे उचलणारे जेवढे हूक तेवढी नक्षीची रुंदी, पुढे पुन्हा तीच नक्षी. त्यातून सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरायची. वर पांढऱ्यावर लाल मोर असेल तर उलटल्यावर लालवर पांढरा मोर दिसतो. म्हणून मोर काढतानाच त्याच्या भोवतीची मोकळी जागाही देखणी आहे का, हे बघावं लागतं. एवढी बंधनं असूनही नव्या नक्ष्या येतच राहतात. खरं तर बंधनं आहेत म्हणून येतात, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या टीमला काही सुचत नसेल तर ‘मोकळेपणानं विचार करा’ असं म्हणू नका. एक पान, दोनच रंग आणि संध्याकाळपर्यंतची मुदत द्या, मग बघा.

माणसं सांभाळण्याचं म्हणाल, तर आमच्याकडच्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला बघा. माग अडला की मागवाला त्याला हाक मारतो. चांगला जॉबर आल्या-आल्या पाना लावत नाही. माग पुन्हा चालू करायला लावतो, सांगाड्यावर तळवा ठेवून धोट्याचा ठोका ऐकतो, मागवाल्याला विचारतो, ‘कवापासून असं करतंय?’ मागवाला दिवसभर त्या मागापाशी उभा असतो, त्याचं उत्तर निम्मी दुरुस्ती असते, हे जॉबरला पक्कं माहीत असतं. माझ्या हाताखाली मुली काम करायला लागल्या तेव्हा मी ही रीत तशीच्या तशी उचलली. फाइल घेऊन कुणी आलं की आधी तिच्याकडूनच ती उघडून घेते, कुठे अडतंय ते तिला दाखवायला सांगते आणि तोवर माउसला हात लावत नाही. बऱ्याचदा दाखवता-दाखवता चूक तिचीच तिला सापडते.

याहून मोठं नेतृत्व बघायचं असेल तर सोलापूरजवळच्या कुंभारीला या. घरात बसून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया, मान खाली, मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी दर हजार विड्यांमागे. अशा बायांनी संघटित होऊन हक्काच्या घरांची मागणी लावून धरली आणि 2006 मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. कामगार नेते आडम मास्तरांचं नाव यात पुढे येतं आणि यायलाच हवं. पण एवढी मोठी मागणी गल्लीगल्लीतून टिकवून धरायची तर कागदपत्र गोळा करणारी, हप्ता समजावून सांगणारी, कंटाळलेल्या शेजारणीला पुन्हा सभेला घेऊन जाणारी बाई लागते. तिला कुणी टीम लीडर म्हणत नाही. मला मात्र नेतृत्व म्हटलं की तीच आठवते, आणि कामाचा कंटाळा आला की तिची चिकाटी आठवून स्वतःची लाज वाटते आणि मी उठते.

वाढीबद्दल थोडक्यात सांगते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, बाकीचे परतले, ते मात्र तिथेच राबत राहिले आणि 1942 मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांचा त्याग आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. पण ते तिथली भाषा शिकले, हे आपल्या आवाक्यातलं आहे. कारखान्यातले बरेच जण घरी तेलुगू बोलतात, म्हणून मीही मोडकीतोडकी तेलुगू शिकले. तेव्हापासून नक्षीत काय खटकतंय ते लोक मला तोंडावर सांगतात. आधी नुसतं ‘चांगलं आहे’ म्हणायचे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. एकच काम निवडा. कॅन्टीनचा आचारी, लिफ्ट दुरुस्त करणारा, हिशेब लिहिणाऱ्या बाई, कुणीही चालेल. त्यांचं काम खोळंबणार नाही अशा बेतानं जा, पुन्हा-पुन्हा जा आणि ‘हे असंच का करता?’ एवढंच विचारा. संध्याकाळी वहीत लिहा, पण ‘भारावून गेलो’ वगैरे लिहू नका. त्यांनी आधी काय केलं, मग काय केलं, कुठे थांबले, असं लिहा. त्यातली एक रीत दुसऱ्या दिवशी आपल्या कामात करून बघा. नाही जमली तर सोडून द्या आणि त्याच माणसाकडे परत जा, कारण पहिल्या वेळेला आपल्या नजरेतून बरंच निसटलेलं असतं. कुणाचं काम निवडलंत ते कळवा. मागाशी संबंधित असेल तर काय विचारायचं ते मी नक्की सांगू शकेन.