मुलाची स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी आहे, घरी मराठी बोलतो. शाळेकडे द्विभाषिक सायकॉलॉजिस्ट मागावा का?

मागाच, आणि ईमेलवर लेखी मागा. तुम्ही लिहिलंय की मुलगा न्यू जर्सीच्या पब्लिक स्कूलमध्ये दुसरीत आहे, चाइल्ड स्टडी टीम (डिस्ट्रिक्टची तज्ज्ञांची टीम) तपासणी करणार आहे, हिंदी दुभाष्या फोनवर देऊ म्हणतायत आणि तोवर घरी इंग्रजीच बोला असा सल्लाही मिळालाय. मी याच राज्यात मराठी-इंग्रजी स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे. हे दोन्ही प्रकार इतक्यांदा पाहिलेत की आता नुसती चिडचिड होते.

फोनवरच्या हिंदी दुभाष्याने काय होतं, ते एका केसवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलगा दुसरीतलाच, घरची बोली सांगलीकडची, हिंदी फक्त कार्टूनपुरती. विस्क-५ या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असतं, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. याचं शाब्दिक आकलन ७६ आणि दृश्य-अवकाशीय १०६. दोन निर्देशांकांत ३० गुणांची दरी असताना एकत्रित बुद्ध्यांकाला काही अर्थ उरत नाही, तरी तो रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेला. निष्कर्ष: भाषिक अक्षमता.

हे ७६ आले कुठून? शब्दार्थ आणि साम्य या उपचाचण्यांत सलग तीन शून्यं पडली की थांबायचं असतं. पोराला हिंदी प्रश्न कळेना, तो गप्प बसला, तीन शून्यं पडली, उपचाचणी संपली. पुढचे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. जिथे प्रश्न कळला, तिथे दुभाष्याने मायेपोटी एक उदाहरण जोडून दिलं, म्हणजे तो प्रश्न सोपा झाला. मुळात आयत्या वेळी भाषांतर केलेल्या प्रश्नांना इंग्रजीतल्या मुलांवरून काढलेली प्रमाणकं (तुलनेचे आकडे) लागूच होत नाहीत. अशा चाचणीतून गुण काढून तक्त्यात मांडणं मला मान्य नाही, आणि यावरून माझं माझ्याच क्षेत्रातल्या लोकांशी वर्षानुवर्षं वाजतं.

सरावाचा परिणाम होतो म्हणून तीच चाचणी साधारण वर्षभर पुन्हा घेता येत नाही. मग मी लायटर-३ ही बुद्धिमत्ता चाचणी घेतली, ती शब्दांविना, खाणाखुणांवर चालते. त्यानंतर बिनशब्दांच्या चित्रकथेवरून एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या दिवशी सांगायला लावली, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. इंग्रजीत तुटक वाक्यं, 'द' आणि 'अ' गायब. मराठीत अशी उपपदंच नाहीत, त्यामुळे याला दोष म्हणायचं कारण नाही. मराठीत मात्र 'मग', 'म्हणून', 'तेवढ्यात' असं जोडत नीट गोष्ट सांगितली, 'चिमणी आली', 'मांजर पळालं' ही लिंगंही बरोबर. भाषेचा विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. इथे तो नव्हता.

पण 'कमळ'मधला 'क' काढल्यावर काय उरतं, हे त्याला सांगता आलं नाही. थोडं शिकवून पुन्हा विचारलं, तरी नाही. इंग्रजी शब्दांतही तेच. अक्षर वगळणं हे सुटा ध्वनी वगळण्यापेक्षा सोपं काम, ते दुसरीत जमत नसेल तर वाचनाची अडचण खरी असण्याचा दाट संशय घ्यावा. पुढच्या चाचण्यांत तेच निघालं. मुलाला मदत हवीच होती, पण डिस्लेक्सियासाठी. पहिल्या रिपोर्टवर चालले असते तर शब्दसंग्रह वाढवण्यात वर्ष गेलं असतं.

भारतातून चाचणी मागवू का, असं काही पालक विचारतात. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी मराठीत आहे, पण तिची प्रमाणकं फार जुनी. डाली ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीत आहे, पण ती भारतात शाळा शिकणाऱ्या मुलांसाठी. तुमच्या मुलाला देवनागरी शिकवलीच नसेल तर मराठी वाचन तपासण्यात अर्थ नाही, तोंडी कामंच घ्यायची.

आयडीईए हा अमेरिकेचा स्पेशल एज्युकेशनचा केंद्रीय कायदा सांगतो की अचूक माहिती मिळेल त्या भाषेत आणि पद्धतीने तपासा, ते उघडपणे अशक्य नसेल तर. शाळा या शेवटच्या शब्दांच्या आड लपतात. मराठी सायकॉलॉजिस्ट बऱ्याचदा खरंच मिळत नाही, हे कबूल. पण मराठी दुभाष्या मिळू शकतो. तो फोनवर नको, खोलीत हवा. चाचणीआधी त्याने सायकॉलॉजिस्टसोबत बसून समजून घ्यावं की इशारा द्यायचा नाही, उत्तर सुधारायचं नाही, 'माहीत नाही' हेही तसंच पोचवायचं. आई, आत्या, शेजारच्या काकू दुभाष्या म्हणून चालणार नाहीत. ईमेलमध्ये हेही विचारा की भाषांतरित भागाचे गुण आकड्यांत देणार की फक्त वर्णनात. उत्तर 'वर्णनात' असंच यायला हवं.

प्रवेशाच्या वेळच्या होम लँग्वेज सर्व्हेत तुम्ही काय लिहिलंत? 'ईएसएलमध्ये (इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात) टाकतील' या भीतीने आपले लोक सर्रास 'इंग्रजी' लिहितात, आणि मग मराठीत तपासा म्हटलं की शाळा तोच कागद पुढे करते. तसं लिहिलं असेल तर आजच लेखी दुरुस्त करा.

घरी इंग्रजी बोलायचं? नाही. मराठीमुळे ना विकार होतो, ना डिस्लेक्सिया. उलट मोडक्या इंग्रजीत आजी-आजोबांशी, आई-बाबांशी होणारं बोलणंच आटतं, आणि तपासणीच्या वेळी तुलनेला धड मराठीही उरत नाही.

मुदती न्यू जर्सीच्या सांगते, इतर राज्यांत वेगळ्या असतात आणि खासगी शाळांचं गणितच निराळं. तुम्ही संमतीवर सही केल्यापासून ९० दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि पात्र ठरल्यास आयईपी (मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) लागू व्हायला हवा. रिपोर्ट मीटिंगच्या किमान १० दिवस आधी हातात पडायला हवेत. निकाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते, मग त्यांनी एकतर पैसे द्यायचे नाहीतर स्वतः सुनावणी मागायची. पण तोवर विस्क वापरून झालेली असते, म्हणून भाषेचा मुद्दा सहीच्या आधी काढा.