'हप्ता', 'वर्गणी' की 'खंडणी': तक्रारीत काय लिहावं?

प्रश्न असा आहे: वस्तीतल्या दुकानदारांकडून दमदाटी करून दरमहा पैसे घेतले जातात. बोलताना सगळे 'हप्ता' म्हणतात, घेणारे 'वर्गणी' म्हणतात, वर्तमानपत्रांत 'खंडणी' छापून येतं. पोलिसांकडे द्यायच्या अर्जात कुठला शब्द लिहावा?

'खंडणी' लिहा. मात्र अर्ज या नामावर टिकत नाही. त्याला जोडलेलं क्रियापद आणि धमकीचे शब्द, यांवर टिकतो.

मराठेशाहीत खंडणी म्हणजे मांडलिकाने किंवा शहराने भरायची ठरलेली रक्कम. जमीन 'खंडाने' देतात त्यातला खंडही तसाच, ठरवून दिलेला. आज या शब्दाचा रोजचा अर्थ धाक घालून उकळलेला पैसा एवढाच उरला आहे. कायद्याच्या मराठीत 'बलाद्ग्रहण' असा जड शब्द आहे, पण अर्जात त्याची गरज नाही.

'हप्ता' मात्र अर्जात एकटा सोडू नका. मूळ फारसी अर्थ आठवडा. मराठीत कर्जाचाही हप्ता असतो. 'तो दरमहा माझ्याकडून हप्ता घेतो' एवढंच लिहिलंत, तर समोरचा 'उसने दिले होते, तेच फेडतोय' म्हणून मोकळा होतो आणि प्रकरण देण्याघेण्याच्या वादात जाऊन पडतं. घेणारा सरकारी नोकर असेल तर बहुधा ती लाच, आणि तिची वाट वेगळी: लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, महाराष्ट्रात दूरध्वनी १०६४. लाच भाग पाडून द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत कळवा. त्या मुदतीत कळवणाऱ्या देणाऱ्याला कायदा गुन्हेगार धरत नाही.

'वर्गणी'ची कसोटी सोपी आहे. नाही म्हटल्यावर काही होत नसेल तर ती वर्गणी. पावती मिळाली म्हणून खंडणीची वर्गणी होत नाही; उलट ती पावती जपून ठेवा, तिच्यावर तारीख, रक्कम आणि सही असते.

आता क्रियापद. भारतीय न्याय संहितेचं (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३०८ पाहा. भीती घालून पैसे 'घेतले' तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे दिलेच नाहीत, तरी त्यासाठी भीती 'घातली' हा स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत. ती भीती जिवाची किंवा जबर दुखापतीची असेल तर नुसती घातली तरी ७, आणि पैसे घेतले तर १० वर्षांपर्यंत. म्हणून 'मागितले', 'दिले', 'देण्यास नकार दिला' यांतलं नेमकं काय घडलं ते लिहा. भीती शरीराचीच हवी असं नाही. मालमत्तेची, बदनामीची चालते. तुमच्याऐवजी घरच्या माणसाबद्दल घातलेलीही चालते.

बरेच अर्ज पडतात ते 'त्रास देतात', 'दमदाटी करतात' अशा मोघम वाक्यांमुळे. धमकी आणि पैसे यांचा धागा दिसला नाही, तर नुसती अदखलपात्र नोंद (जिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत) होऊन विषय थांबतो. वाक्य असं हवं: 'अमुक तारखेला सायंकाळी सात वाजता दोन इसम दुकानात आले. त्यांपैकी एक म्हणाला, "महिन्याचं बघ, नाहीतर शटर उघडू देणार नाही." या भीतीपोटी मी इतकी रक्कम दिली.' बोललेले शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, शिव्यांसकट. सभ्य भाषांतर करू नका. नाव माहीत नसेल तर 'अनोळखी इसम' लिहून वर्णन द्या, गाडीचा क्रमांक द्या. अंदाज असेल तिथे 'अंदाजे' म्हणा. दुकानदार अनेक असतील तर प्रत्येकाचा प्रसंग वेगळा लिहा. सर्वांच्या सह्यांच्या एकाच निवेदनात कुणाला, कधी, काय म्हटलं हे हरवतं.

संदेश आणि कॉलची नोंद पुसू नका. स्क्रीनशॉट काढलात तरी मूळ संदेश असलेला फोन सांभाळा. स्वतः सापळा लावायला जाऊ नका; पुढची भेट ठरली असेल तर ती वेळ आधी पोलिसांना कळवा. माणसं दारात उभी असतील तर ११२.

तक्रार तोंडीही देता येते, आणि हद्द दुसरी आहे म्हणून ती नाकारता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलीत तर ३ दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंदवून घेतली नाही तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दखल घेतली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तेव्हा टपालाची पोच आणि पहिल्या अर्जाची प्रत लागते, दोन्ही ठेवा.