सापडलेला खडा हिरा आहे का, हे कसे पाहावे?
पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीजवळ मिळालेला खडा हिरा आहे का, असे तुम्ही विचारलेत; तो जपून ठेवलात, हे उत्तम केलेत. मात्र त्यावर हातोडी चालवू नका, कारण हिरा कितीही कठीण असला तरी ठरावीक दिशांनी सहज दुभंगतो. काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज आहे. साधी गारगोटीसुद्धा काच ओरखडते.

पुण्याभोवतीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्फटिक (क्वार्ट्झ) आणि अपोफिलाइट ही खनिजे भरपूर मिळतात, आणि अपोफिलाइटचे पारदर्शक, टोकदार दाणे पाहून भल्याभल्यांची फसगत होते. हिरा किंबरलाइटसारख्या अगदी वेगळ्या खडकातून वर येतो. आपल्याकडे त्यासाठी मध्य प्रदेशातील पन्ना प्रसिद्ध आहे. त्यामुळे अपेक्षा बेताची ठेवा, पण तपासणी जरूर करा.

माझ्या मते पहिली कसोटी घनतेची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर खडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि खडा बारीक दोऱ्याने, तळाला वा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवा. ५.३० ग्रॅमच्या खड्याने आकडा २.०० झाला, तर ५.३० ला २.०० ने भागून भागाकार २.६५ येतो, म्हणजे तो बहुधा स्फटिक. हिऱ्याचा भागाकार ३.५२ च्या आसपास हवा. टोपाझ हे रत्नही जवळपास तेवढाच भरतो, म्हणून दहापट भिंगाखाली तेलकट चमक आणि बारीक त्रिकोणी खळगे शोधा.

एवढे जुळले, तरच रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत जा, आणि लेखी अहवाल हाती येईपर्यंत किमतीची बोलणी कोणाशीही करू नका.