आर्थिक जबाबदारी की उत्तरदायित्व?

प्रश्न असा आहे : सार्वजनिक निधी घेणाऱ्या सेवाभावी संस्थेबद्दल लिहिताना ‘फायनान्शियल अकाउंटेबिलिटी’ला ‘आर्थिक जबाबदारी’ म्हटलं तर चालेल का, की ‘उत्तरदायित्व’च हवं?

‘आर्थिक जबाबदारी’ नको. ‘त्याच्यावर आर्थिक जबाबदारी आहे’ म्हटलं की त्याला पैसे उभे करायचे आहेत, असाच अर्थ डोक्यात येतो. इथे तर पैसे मिळालेले आहेत, त्यांचं काय केलं ते सांगायचंय.

गंमत अशी की ‘जबाबदारी’ आणि ‘उत्तरदायित्व’ यांची कुळं वेगळी, पण मूळ अर्थ एकच. ‘जबाब’ अरबी ‘जवाब’वरून आला, ‘-दारी’ फारसी, ‘उत्तरदायित्व’ संस्कृत. दोन्हींच्या पोटात उत्तर देणंच आहे. ‘अकाउंटेबिलिटी’चा मूळ अर्थ मात्र वेगळा, तिच्या मुळाशी मोजणं आहे. त्या न्यायाने ‘हिशेब’ तिला जास्त जवळचा.

पण जबाबदारीतला ‘जबाब’ वापरून वापरून झिजला. आता त्या शब्दातून कर्तव्य तरी ऐकू येतं, नाहीतर दोष (‘अपघाताला जबाबदार कोण?’). मूळचा धारदार अर्थ ‘जाब विचारणे’मध्ये टिकलाय, ‘जाब’ हे ‘जवाब’चंच आखूड रूप. साधी कसोटी सांगतो. ‘जबाबदार’ म्हटलं की आपण ‘कशाला?’ विचारतो, ‘उत्तरदायी’ म्हटलं की ‘कोणाला?’. निधी देणाऱ्या सरकारला, करदात्यांना, ज्यांच्या नावावर पैसा घेतला त्या लोकांना. हा ‘कोणाला’ वाक्यात नसेल तर ‘उत्तरदायित्व’ही नुसतंच भारदस्त दिसतं.

मग सरळ ‘हिशेब’ का नको? समजा, प्रशिक्षणासाठी मिळालेलं अनुदान संस्थेने गाडीच्या दुरुस्तीवर खर्च केलं. पावत्या आहेत, बेरजा जुळतात, कोणी खिशात काही घातलेलं नाही. हिशेब चोख, तरीही उत्तर देणं लागतं, कारण पैसा ठरलेल्या कामाला लागलेला नाही. याला ‘निधी वळवणे’ म्हणतात. त्याला लगेच ‘अपहार’ म्हणू नये. भाषांतरांत ही चूक फार दिसते आणि ती संस्थेच्या अब्रूवर येते. उलट, ठरल्या कामासाठीच खर्च झाला पण कागद नाहीत, तर उत्तर आहे आणि हिशेब नाही! लेखापरीक्षकाचा अहवाल स्वच्छ असला तरी त्यावरून मुख्यतः हिशेबपत्रकांचा भरवसा कळतो; गावात विहीर झाली की नाही, तिला पाणी लागलं की नाही, हा प्रश्न वेगळा.

म्हणून मथळ्यात ‘आर्थिक उत्तरदायित्व’ ठेवा आणि मजकुरात क्रियापदांवर या : ‘संस्थेने निधीच्या विनियोगाचा हिशेब द्यावा’, ‘अखर्चित रक्कम परत करावी’, ‘निधी देणाऱ्याला जाब विचारता यावा’. ‘उत्तरदायित्वाची सुनिश्चिती करण्यात यावी’ या वाक्यात कोणी, कोणाला आणि काय द्यायचं, तिन्ही गायब आहेत. असं लिहिणाऱ्याला बहुधा तेच सोयीचं असतं.

‘जबाबदेही’ हिंदीच्या वळणाचा. अर्थ नेमका आहे, त्यामुळे माझा विरोध नाही, पण मराठी कानाला तो अजून पाहुणाच वाटतो.

आणि ‘लेखाजोखा’ इथे टाळा. जोखणे म्हणजे वजन करणे, म्हणजे शब्द मुळात कामाचाच होता; पण वर्षअखेरीच्या आढाव्यांना तो इतका चिकटलाय की त्यात पैशांची पै-पै कोणी शोधत नाही.