वाचकांचे प्रश्न : सत्तर क्रमांकाची गाडी

प्रश्न : माझे मामा अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ गॅरेज चालवत. आठवडाभर लोकांचे टेंपो आणि पिकअप दुरुस्त करायचे आणि त्यातून शिल्लक राहील त्या पैशांवर स्वतःची जिप्सी रॅलीत उतरवायची, हा त्यांचा जवळजवळ वीस वर्षांचा क्रम होता. एकही रॅली त्यांनी जिंकली नाही. गॅरेजमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी त्यांनी सत्तर क्रमांकाच्या एका अमेरिकी गाडीचे मासिकातून कापलेले चित्र लावले होते, आणि “हा गडी साडेसहाशे शर्यती धावला, एकही जिंकला नाही,” असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. पुढील महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे. मित्रमंडळी स्मरणिका काढत असून मुख्य लेख माझ्याकडे आला आहे. हा चालक कोण होता? मामा सांगत ते खरे होते का? आणि मामा कधीच जिंकले नाहीत, हे लेखात लिहावे की टाळावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपले मामा सांगत ते खरे होते, आकडा त्यांनी थोडा कमीच सांगितला. त्या चालकाचे नाव जे. डी. मॅकडफी. जन्म १९३८चा, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. नॅसकार ही तेथील स्टॉक कार शर्यतींची सर्वांत मोठी संस्था. तिच्या सर्वोच्च मालिकेत मॅकडफी १९६३ ते १९९१ या काळात ६५३ शर्यती धावले आणि त्यांतील एकही जिंकले नाहीत. विजयाविना इतक्या शर्यती त्या मालिकेत दुसरा कोणीही धावलेला नाही.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी गाडी. पुढे पुढे ती केवळ दिसायला तशी राहिली. आतला सांगाडा, इंजिन आणि सस्पेन्शन सारे शर्यतीसाठी खास बांधलेले असे. या शर्यती बहुतांशी लंबगोल धावपट्टीवर, एकाच दिशेने डावीकडे वळत, तासन्‌तास चालतात. एकामागून एक गाडी सोडून प्रत्येकीचा वेळ मोजणाऱ्या आपल्याकडील रॅलीपेक्षा हा प्रकार वेगळा आहे, कारण येथे पस्तीस-चाळीस गाड्या एकाच वेळी एकमेकींना खेटून धावतात.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाविषयी, कारण आपल्या मामांचे आणि मॅकडफींचे नाते त्यातच आहे. मोठ्या संघाकडे मालक वेगळा, चालक वेगळा, इंजिन बांधणारे वेगळे आणि खर्च उचलणारा प्रायोजक वेगळा असतो. स्वतंत्र चालक हे सारे स्वतःच असतो. गाडी त्याची, कर्जही त्याचेच. मॅकडफी स्वतःची इंजिने स्वतः बांधत आणि हाताशी असलेल्या मोजक्या माणसांनिशी गाडी घेऊन गावोगाव जात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मोटार कारखान्यांनी या शर्यतींतून अंग काढून घेतले आणि १९७१ पासून एका सिगारेट कंपनीचा पैसा मालिकेत आला. तो पैसा मुख्यतः वरच्या संघांकडे वाहिला. खालच्यांनी त्यांच्याकडून वापरलेले सुटे भाग आणि अर्धे झिजलेले टायर विकत घ्यायचे आणि पुढच्या रविवारी त्यांच्याच विरुद्ध धावायचे, अशी रीत होती.

अशा माणसाचे शर्यत चालवण्याचे गणितही निराळे असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते चटकन कळत नाही. बक्षिसाची रक्कम प्रत्येक क्रमांकाला थोडीथोडी असते, आणि गुण शेवटच्यालाही मिळतात. समजा, गाडी अठराव्या क्रमांकावर आहे. जोर लावला तर ती सोळावी येईल. पण त्या जोरात इंजिन फुटले, तर दोन क्रमांकांनी वाढलेल्या बक्षिसाच्या कितीतरी पट खर्च अंगावर पडेल आणि पुढच्या आठवड्याची शर्यतही हुकेल. म्हणून स्वतंत्र चालक गाडी राखून चालवतो, वेगवान गाड्या मागून आल्या की सरळ मार्ग देतो, आणि अखेरपर्यंत टिकण्याला महत्त्व देतो. (एका पावसात वर्षाची बाग गमावू शकणाऱ्या आपल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.) ६५३ हा आकडा अशा राखून चालवण्यातून उभा राहिला आहे. त्याला केवळ अपयशाची बेरीज म्हणणे मला चुकीचे वाटते.

मॅकडफी हळू चालवणारे होते, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातील मॉल्टा येथे ते तिसरे आले आणि त्या वर्षीच्या गुणतक्त्यात नववे राहिले. १९७८ साली डोव्हरच्या शर्यतीआधी झालेल्या वेगचाचणीत त्यांनी सर्वांना मागे टाकून पहिल्या रांगेतील पहिली जागा मिळवली. त्या वेळी बहुतेक गाड्यांना गुडइयरचे टायर असत. मॅकडफींनी मॅक्रिअरी या लहान स्पर्धक कंपनीचे टायर लावले होते. सारे आयुष्य दुसऱ्यांच्या उतरलेल्या टायरवर काढणाऱ्या माणसाने एका दिवसासाठी वेगळा टायर लावला आणि सर्वांत पुढे उभा राहिला, ही गोष्ट आपल्या मामांना ठाऊक असती, तर गॅरेजमध्ये दुसरे चित्रही लागले असते.

त्यांच्या स्वभावाविषयी फार फुलवून लिहिण्याचा मोह मी टाळतो. तोंडात चिरूट आणि गाडीवर ७० हा आकडा, ही त्यांची ओळख होती. १९८८ साली डेटोना येथील पात्रता शर्यतीत त्यांच्या गाडीने पेट घेतला. अग्निरोधक हातमोजे त्या दिवशी हातात नव्हते आणि दोन्ही हात गंभीर भाजले. वय पन्नाशीला टेकलेले होते, हात बरे होण्यास अवधी लागला, आणि तरीही ते परतले. यात शौर्य किती, हट्ट किती आणि दुसरे काही येत नसल्याची अगतिकता किती, हे बाहेरच्याने ठरवू नये.

१० ऑगस्ट १९९१ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातील ओवेगो येथे एक लहानशी प्रदर्शनी शर्यत झाली आणि ती मॅकडफींनी जिंकली. दुसऱ्या दिवशी वॉटकिन्स ग्लेन येथे मालिकेची शर्यत होती. ही धावपट्टी लंबगोल नाही. तिला डावी-उजवी दोन्हीकडची वळणे आहेत, आणि लांब सरळ टप्प्यानंतर गाडी प्रचंड वेगात पाचव्या वळणावर येते. पाचव्या फेरीत त्याच ठिकाणी मॅकडफींच्या गाडीचे पुढचे डावे चाक निखळले. ब्रेक लागले नाहीत, गाडी गवतावरून घसरत टायरच्या कठड्यावर आदळली आणि उलटी झाली. मॅकडफी जागीच गेले. त्यांचे वय ५२ होते.

त्या अपघातात आणखी एक गाडी सापडली होती. ती जिमी मीन्स यांची. मीन्सही स्वतंत्र चालक. त्यांच्या कारकिर्दीत ४५५ शर्यती आणि विजय शून्य. स्वतःच्या गाडीतून बाहेर पडून ते धावत मित्राच्या उलट्या गाडीपाशी गेले, आत डोकावले आणि हात हलवून मदतीला बोलावू लागले. मॅकडफी लोकांना का आवडत, याचे उत्तर शोधताना मला कोणत्याही श्रद्धांजलीपेक्षा हे धावत जाणे अधिक पुरेसे वाटते.

त्याच वळणावर काही आठवड्यांपूर्वी, जूनमध्ये, टॉमी केंडल हा दुसऱ्या मालिकेतील चालक भीषण अपघातात पायांना गंभीर इजा होऊन वाचला होता. मॅकडफींच्या मृत्यूनंतर, १९९२ मध्ये, त्या वळणाच्या अलीकडे वेग तोडणारा एक वळसा बांधण्यात आला. तो आजही आहे आणि प्रत्येक गाडीला तेथे ब्रेक दाबावाच लागतो.

आता आपला तिसरा प्रश्न. मामा जिंकले नाहीत हे लिहावे, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहावे. ते टाळले, तर रॅलीच्या वर्तुळातील प्रत्येक वाचक लेखभर त्याच वाक्याची वाट पाहील. त्याहून एक वाक्य मात्र कटाक्षाने टाळा : “आर्थिक पाठबळ असते तर ते नक्कीच विजेते ठरले असते.” ठरले असते किंवा नसतेही. या वाक्याने आपण मामांनी प्रत्यक्ष जे केले ते बाजूला सारून न केलेल्या गोष्टीसाठी त्यांचे कौतुक करतो. गॅरेज बंद केल्यावर रात्री जिप्सीचे गिअरबॉक्स कोण उघडत असे, पैसे कमी पडले तेव्हा मामींनी काय म्हटले, दुसऱ्या स्पर्धकाला त्यांनी कधी स्वतःचा सुटा भाग देऊन टाकला का, हे विचारा. असा एखादा प्रसंग मिळाला, तर स्मरणिकेचा निम्मा भार तोच उचलेल.

*

प्रश्न : याच स्मरणिकेच्या संपादनात मीही आहे. माझ्या मित्राने आपणांस पत्र लिहिल्याचे कळले. माझे म्हणणे असे की, न जिंकलेल्या अमेरिकी माणसाचा दाखला देण्यापेक्षा जिंकलेल्या स्वतंत्र चालकाचा द्यावा. वाचणाऱ्या तरुणांना उमेद येईल. असा कोणी झाला का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : झाला, आणि तो फार मोठा झाला. ॲलन कुलविकी हा विस्कॉन्सिन राज्यातला, यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर. गाठीचे बहुतेक सारे विकून तो दक्षिणेत शार्लट शहरी आला, स्वतःचा संघ उभा केला आणि १९८६ साली सर्वोत्तम नवोदित ठरला. ज्युनिअर जॉन्सन या नामांकित संघमालकाने मोठ्या रकमेचा प्रस्ताव दिला असता, त्याने तो नाकारून स्वतःच्याच गाडीत राहणे पसंत केले. १९८८ साली फिनिक्स येथे पहिला विजय मिळाल्यावर त्याने धावपट्टीला उलट्या दिशेने फेरी मारली, म्हणजे गाडीची चालकाकडील बाजू प्रेक्षकांकडे राहते आणि त्यांना हात दाखवता येतो. १९९२ मध्ये सहा शर्यती उरल्या असताना तो आघाडीपासून २७८ गुण मागे होता. अखेरीस बिल एलियटपेक्षा अवघे १० गुण अधिक मिळवून तो मालिकेचा विजेता ठरला. शेवटच्या शर्यतीत एलियटपेक्षा एक फेरी अधिक काळ आघाडीवर राहिल्याचे बोनस गुण त्याला मिळाले, आणि ती फेरी त्याने हिशेब करूनच मिळवली होती. पुढच्या वर्षी १ एप्रिल रोजी विमान अपघातात तो गेला, वय ३८. तीन दिवसांनी ब्रिस्टल येथे रस्टी वॉलेस जिंकला आणि त्याने कुलविकीसाठी उलटी फेरी मारली.

हा दाखला उत्तम आहे आणि स्वतंत्र चौकटीत तो अवश्य द्यावा. मुख्य लेखात मात्र मी तो देणार नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. गॅरेजच्या भिंतीवर चित्र सत्तर क्रमांकाचे होते. कुलविकीची गाडी सात क्रमांकाची होती आणि त्याची कीर्ती त्या काळात मॅकडफींपेक्षा कितीतरी मोठी होती. तरी आपल्या मित्राच्या मामांनी कात्री चालवताना दुसऱ्याला निवडले. ती निवड त्यांची होती. तरुणांना उमेद मिळावी म्हणून तिच्यात बदल करण्याचा अधिकार संपादक मंडळाला आहे, असे मला वाटत नाही.

त्याऐवजी एक सूचना. मामांचे जुने प्रवेशपत्र, टाइम कार्ड आणि निकालपत्रके घरात किंवा गॅरेजच्या कपाटात सापडतील. त्यांवरून ते धावले त्या प्रत्येक रॅलीची नोंद करणारे एक पान स्मरणिकेत छापा : वर्ष, गाव, क्रमांक, आणि गाडी मध्येच बंद पडली असेल, तर तेथे नुसते ‘बाद’ न छापता काय तुटले तेही छापा. क्लच गेला असेल, तर क्लच. रेडिएटर फुटला असेल, तर रेडिएटर. मामा मेकॅनिक होते. तुटलेल्या भागाचे नाव न सांगणारी नोंद त्यांना चालली नसती.