साडेसहाशे घोडे, पण जायचं कुठे?

या महिन्याच्या टपालात स्पोर्ट्‌स कारबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते: माझी सगळी नोकरी टायरच्या चाचण्या घेण्यात गेली. कुठलीही चर्चा शेवटी रबरावर आणून सोडायची खोड तिथूनच लागली. सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून आता पोर्शे ९११ टर्बो एस (२०२० मध्ये आलेलं मॉडेल) घ्यायच्या बेतात आहे. ६५० अश्वशक्ती, शून्य ते शंभर २.७ सेकंदांत. धाकटा भाऊ म्हणतो, टेस्लाची मॉडेल एस प्लेड चार दारांची असूनही दोन सेकंदांच्या आत तिथे पोचते आणि पैसेही कमी पडतात, मग तू जास्तीचे कशाचे मोजतोस? आमचं यावरून रोज वाजतं. बरोबर कोण?

दोघंही अर्धे बरोबर आहात. चुकीचा अर्धा भाग मात्र तुमचा दोघांचा एकच आहे, तो म्हणजे शंभरच्या सेकंदांवरून भांडणं.

आधी भावाचा आकडा बघू. जाहिरातीतला १.९९ सेकंदांचा आकडा ताशी ६० मैलांचा आहे, म्हणजे ९६.६ किलोमीटरचा. शिवाय तो अमेरिकी पद्धतीने मोजलेला आहे. त्या पद्धतीत गाडी हलल्यावर पहिलं एक फूट जातं, त्यानंतर घड्याळ सुरू होतं. एक फूट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण उभ्या गाडीला ते फूटभर अंतर कापायला साधारण पाव सेकंद लागतो आणि घड्याळ सुरू होतं तेव्हा गाडी आठ-नऊच्या वेगाला पोचलेली असते. हा लबाडीचा प्रकार नव्हे, ड्रॅग रेसिंगमधली, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींमधली, जुनी रीत आहे. पण २.७ आणि १.९९ एका रांगेत मांडून वजाबाकी करायची, तर दोन्हींची मोजपट्टी एकच आहे ना, ते आधी बघावं लागतं.

आता रबर. थांबलेली गाडी तीन सेकंदांत शंभरला न्यायची, तर सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.९४ पट लागतो. दोन सेकंदांत न्यायची, तर १.४ पट. साध्या डांबरावर रस्त्याचा चांगला टायर एकच्या थोडा वर जाईपर्यंत धरतो, पुढे घसरतो. म्हणून अडीच सेकंदांच्या खालचे आकडे बहुतेक वेळा चिकट केलेल्या पट्टीवर, गरम टायरवर आणि बॅटरी किंवा इंजिन नेमकं तयार करून काढलेले असतात. तुमच्या घरापुढच्या रस्त्यावर पाऊस पडून गेला असेल, तर तुमची पोर्शे, भावाची टेस्ला आणि शेजाऱ्याची साधी गाडी यांच्यातला फरक तिथल्या तिथे आक्रसतो. अश्वशक्ती कितीही असू द्या, ती रस्त्यापर्यंत पोचते चार तळहातांएवढ्या रबरातून.

मग पोर्शेचे जादा पैसे कशाचे? माझ्या मते, तीच गोष्ट दहाव्यांदाही तशीच करून दाखवण्याचे. एकदा पळणं सोपं असतं, पुन्हापुन्हा थांबणं आणि थंड राहणं महाग. प्लेडचं वजन २१६० किलोच्या घरात आहे. ताशी १६० वरून ती थांबवताना ब्रेकना दोन मेगाज्यूलच्या वर ऊर्जा गिळावी लागते. माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार साधारण अकराशे किलोची, तिला त्याच्या निम्मी पुरते. शिवाय विजेची गाडी जोरात पिटाळली की बॅटरी तापते, चार्ज उतरतो आणि कंप्युटर हळूच ताकद कमी करतो. सरळ रस्त्यावर दोनदा पळवून मित्रांना दाखवायची असेल, तर भावाचा सौदा खरोखरच चांगला आहे. डोंगरी वळणांचा रस्ता तासभर मन लावून चालवायचा असेल, तर तुमचा.

पण तुम्ही विचारलं नाही तेच मला सांगायचंय. टर्बो एस ६० वरून १०० ला जेमतेम सव्वा-दीड सेकंदात जाते. एवढ्यात पाय दाबणार कधी, मजा घेणार कधी आणि उचलणार कधी? रस्त्यावर तुम्ही तिची पाव ताकद वापराल आणि उरलेली पाऊण धरून ठेवण्यात लक्ष जाईल. मघाच्या एमएक्स-५ ला १८४ अश्वशक्ती असते. तिच्यात गिअर शेवटपर्यंत ओढायचा, मग बदलायचा, वळणाआधी ब्रेक लावून पुढच्या चाकांवर वजन आणायचं, हे सगळं परवानगी असलेल्या वेगात करता येतं. १९९६ ची पहिली लोटस एलिझ घ्या. इंजिन १.८ लिटरचं, ताकद जेमतेम १२० अश्वशक्ती, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून बनवलेल्या सांगाड्याची ती गाडी आजही मोठमोठ्यांना वळणावर घाम फोडते.

तेव्हा दोन्ही गाड्या दिवसभर भाड्याने घ्या आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर चालवा, शोरूमने आखून दिलेल्या फेरीवर नाही. तिसरी म्हणून हलकी, कमी ताकदीची एखादी घ्या. तिन्ही चालवूनही टर्बो एसच आवडली, तर खुशाल घ्या. भावाला मागच्या सीटवर बसवा, ती सीट तेवढ्याच कामाची आहे.

प्रश्न : कंपनी टॉप स्पीड ३३० लिहिते. जिथे १३० चीच मुभा आहे, तिथे हे पैसे पाण्यात नाहीत का?

बरेचसे पाण्यात, थोडे नाहीत. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. याचं इतकं स्वच्छ उदाहरण आहे की मला ते सांगायला फार आवडतं. २००५ ची बुगाटी वेरॉन १००१ अश्वशक्तीवर ताशी ४०७ गाठायची. २०१० च्या सुपर स्पोर्टने ४३१ गाठले, त्याला १२०० लागले. चोवीस किलोमीटरसाठी दोनशे घोडे, म्हणजे एक बरी स्पोर्ट्‌स कार! घनाचा हिशेब कागदावर करून पाहा, उत्तर जवळजवळ तेवढंच येतं. त्यातही विकलेल्या सुपर स्पोर्टना ४१५ वर लगाम घातला होता. का, तर टायर टिकावेत म्हणून. (बघा, आलेच शेवटी टायर.)

पाण्यात न जाणारे पैसे असे : ३३० ला पळणारी गाडी ३३० वरून थांबलीही पाहिजे. म्हणून तिच्या डिस्क, रेडिएटर, बेअरिंग, टायर सगळं त्या हिशेबाने बनतं. १३० वर ते सगळं निवांत असतं. तो निवांतपणा हातात जाणवतो. फक्त त्याची किंमत गाडी घेताना एकदा आणि पुढे दर टायरबदलाला पुन्हा मोजावी लागते.

प्रश्न : आठ वर्षांची, अगदी कमी चाललेली स्पोर्ट्‌स कार स्वस्तात मिळते आहे. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. घेऊ का?

नक्षी नव्यासारखी आहे म्हणूनच मी आधी टायरजवळ बसेन. बाजूच्या भिंतीवर कारखान्याच्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर न चालवताही म्हातारं होतं, कडक होतं, आणि मऊ मिश्रणाच्या स्पोर्ट टायरमध्ये हे लवकर कळतं. नक्षी भरपूर, वय भरपूर, असा टायर मला पूर्ण झिजलेल्यापेक्षा जास्त घाबरवतो, कारण झिजलेला निदान दिसतो. गाडी मूळच्याच टायरवर असेल, तर चारही बदलायचा खर्च सौद्यात धरा. ट्रॅकसाठीचे अर्धे गुळगुळीत टायर असतील, तर त्यांवरून थंडीत किंवा साचलेल्या पाण्यातून घरी नेऊ नका.

आता ‘कमी चाललेली’ या शब्दांबद्दल. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. रबरी सील सुकतात. टायमिंग बेल्ट किलोमीटरांनीच नव्हे, वर्षांनीही संपतो. फेरारी एफ३५५ चा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तिच्या जागी आलेल्या ३६० मोडेनामध्ये सीटमागचं झाकण काढून ते काम होतं. बाहेरून दोघी बहिणी, पण सर्व्हिसच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी त्या मॉडेलची मोठी सर्व्हिस कशी करतात, ते विचारून घ्या.

पोर्शे असेल, तर आणखी एक सोय आहे. इंजिनचा कंप्युटर ठरलेल्या फेऱ्यांच्या वर इंजिन किती वेळा गेलं, याची टप्प्याटप्प्याने नोंद ठेवतो. पाचव्याऐवजी चुकून तिसरा गिअर पडला, की ते वरच्या टप्प्यात उमटतं. शेवटचं कधी घडलं, तेही तासांत कळतं. त्याच नोंदीत इंजिनचे एकूण तास असतात. ओडोमीटरवरच्या किलोमीटरांना त्या तासांनी भागा. सरासरी वेग चाळीस-पन्नासच्या आसपास आला, तर ठीक. दहा आला, तर एक तर गाडी रहदारीत रखडत राहिली आहे किंवा मीटरशी कुणीतरी खेळलंय. विकणारा हा रिपोर्ट द्यायला कुरकुरला, तर मी चहाही न घेता निघते.

सिरॅमिक ब्रेक असतील, तर चाकं काढायला लावा. या डिस्क लोखंडासारख्या जाडीवरून जोखत नाहीत, तर वजनावरून, आणि किमान वजन डिस्कच्या मधल्या भागावर छापलेलं असतं. कडेचा टवका बोटाने चाचपून बघा. चाक चढवताना बेसावध हातून तो उडतो आणि एका डिस्कचं बिल तुमच्या ‘स्वस्तात’चा अर्थ बदलून टाकतं. हे सगळं तपासून निघाल्यावर घ्या की.

प्रश्न : मॅन्युअल घ्यावी की डबल क्लच? नवऱ्याचं म्हणणं, मॅन्युअल आता फक्त हट्टापायी घेतात.

हट्टापायीच घेतात, आणि तो हट्ट मला मान्य आहे. डबल क्लच म्हणजे दोन क्लचचा, स्वतःच गिअर बदलणारा गिअरबॉक्स. त्यात पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. माणसाचा हातपाय त्याच्या जवळपासही जात नाही. २०१३ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ फक्त अशाच गिअरबॉक्ससह आणली. चालवणाऱ्यांनी आरडाओरडा केला. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअल अशी ९११ आर आली, ९९१ च गाड्या, आणि त्यांच्यासाठी झुंबड उडाली. २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. घड्याळ लावून पळायचं असेल, तर नवऱ्याचं ऐका. नसेल, तर क्लच पेडल तुमच्या गुडघ्याला जमतं का, एवढंच रहदारीत अर्धा तास चालवून बघा.

प्रश्न : बायकोला पटवायचंय की ही गुंतवणूक आहे. दोन-तीन जोरदार मुद्दे द्या.

एकही देणार नाही. मॅकलारेन एफ१ चं नाव तुम्ही पत्रात घेतलंय. ती नवी असताना अपेक्षेएवढी खपली नाही, एकूण १०६ च बनल्या. तिचं सोनं होणार, हे तेव्हा विकत घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. कारखान्यातून हजारोंनी निघणारी स्पोर्ट्‌स कार पहिल्या काही वर्षांत किंमत गमावते, आणि गमावू नये म्हणून झाकून ठेवली, तर वरच्या प्रश्नातली गाडी होते. बायकोला सरळ सांगा की हौस आहे. तिचीही एखादी असेलच, ती त्याच दिवशी विचारून घ्या.

प्रश्न : पुढच्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी ट्रॅकवर नेतोय. तयारी काय करू?

विम्याची कागदपत्रं वाचा. बहुतेक पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान धरलेलं नसतं, वॉरंटीतही अटी असतात. ब्रेक ऑइल नवं, उकळायला जास्त तापमान लागणारं भरा. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील, तर बदला. नव्या माणसाचा पहिला घोटाळा इंजिनमुळे होत नाही, ऑइल उकळून पेडल फळीला टेकल्यामुळे होतो. टायरची हवा गरम झाल्यावर मोजा, ती थंड असतानापेक्षा बरीच चढलेली दिसेल, त्यानुसार थोडी सोडा. घरी निघण्यापूर्वी मात्र परत भरा, हे हमखास विसरतं. चाकांचे नट पहिल्या सत्रानंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, सावकाश मारा. गाडी उभी केली की हॅंडब्रेक लावू नका, तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात. गिअरमध्ये किंवा पार्कवर ठेवून चाकाला ठोकळा लावा. हॅंडब्रेक इलेक्ट्रिक असेल आणि इंजिन बंद करताच आपोआप लागत असेल, तर तो कसा रोखायचा, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेतून घरीच वाचून जा. तिथे हेल्मेट घालून पानं उलटणं जमत नाही.